मर्ल ओबेरॉन : पन्नास वर्षांचें सोंग

नटाचा धंदा हा मुळीं सोंगाचा धंदा. तोंडाला रंग लागला, अंगावर पोशाख चढला, कीं भिकारी राजा होतो. आणि खेळ संपून रंग पुसला, कीं तोच राजा आपल्या बिऱ्हाडीं जाऊन पिठलेंभात जेवतो. सोंग उतरवितां येतें म्हणूनच तें घेण्यांत मौज आहे. परंतु एकदां घेतलें म्हणजे जन्मभर उतरवितां येत नाहीं, ज्याला मध्यंतर नाहीं आणि ज्याचा प्रेक्षक म्हणजे सारें जग, असेंही एखादें सोंग असूं शकतें. हॉलिवुडच्या वैभवाच्या काळांत आपल्या बदामी डोळ्यांनीं आणि रेखीव चेहऱ्यानें लाखो प्रेक्षकांना मोहून टाकणाऱ्या एका नटीनें असलें सोंग सुमारें पन्नास वर्षें वागविलें. तिचें नांव मर्ल ओबेरॉन. जगाला ठाऊक असलेली मर्ल ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर एका खानदानी गोऱ्या घराण्यांत जन्मली होती. खरी मर्ल १९ फेब्रुवारी १९११ रोजीं मुंबईंत एका साध्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत जन्मली होती. या दोन जन्मांमधलें अंतर तिला कां निर्माण करावें लागलें, आणि त्याची किंमत तिनें कशी चुकविली, हें समजून घेतल्यावांचून तिच्या कीर्तीचा अर्थ लागत नाहीं.

तिच्या जन्माची हकीकत प्रथम पाहिली पाहिजे, कारण पुढचें सारें तींतूनच निघालें आहे. तिचें मूळ नांव एस्टेल मर्ल थॉम्प्सन. घरांत तिला क्वीनी म्हणत. तिच्या जन्माच्या वर्षींच बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी हिंदुस्थानांत आलीं होतीं. त्या राणीवरून हें लाडकें नांव पडलें, असें सांगतात. तिला वाढविणारी स्त्री शार्लट सेल्बी ही सिलोनची, मिश्र रक्ताची आणि वर्णानें सावळी होती. मुलीला जी आई म्हणून ठाऊक होती ती हीच. परंतु जन्माच्या नोंदींत आई म्हणून जें नांव आहे तें शार्लटचें नव्हे. तें शार्लटच्या मुलीचें, कॉन्स्टन्सचें आहे. आणि कॉन्स्टन्स त्या वेळीं स्वतःच शाळेंत जाण्याच्या वयाची होती. बाप आर्थर थॉम्प्सन हा रेल्वेंत नोकरी करणारा इंग्रज यंत्रज्ञ, शार्लटचाच जोडीदार. घरांत घडलेल्या या अनर्थावर पांघरूण घालण्याकरितां आजी आई झाली आणि आई थोरली बहीण झाली. म्हणजे मर्लच्या आयुष्यांतलें पहिलें खोटें तिनें रचलेलें नव्हतें. ती पाळण्यांत असतांनाच वडील माणसांनीं तें तिच्या अंगावर दुपट्यासारखें घातलें होतें.

ज्या समाजांत हें मूल वाढलें त्या समाजाची स्थितिही ध्यानांत घेतली पाहिजे. इंग्रज बाप आणि हिंदी आई यांच्या संततीपासून झालेला अँग्लो-इंडियन समाज हा त्या काळीं दोन दरवाजांच्या मधल्या उंबरठ्यावर उभा होता. रेल्वे, तारखातें, जकात अशा खात्यांतल्या मधल्या जागा त्याला मिळत; पण साहेबाच्या क्लबाचें दार त्याला बंद असे, आणि हिंदी समाजही त्याला आपला म्हणत नसे. अशा ठिकाणीं माणसाची किंमत त्याच्या कातडीच्या छटेवर ठरूं लागते. जो उजळ असेल त्याला साहेबांत खपून जाण्याची आशा. जो सावळा असेल त्याला ती नाहीं. क्वीनी उजळ होती आणि शार्लट सावळी होती. या एका गोष्टीनें पुढें दोघींच्या आयुष्याची वाटणी केली.

बाप पहिल्या महायुद्धांत सैन्यांत गेला तो परत आला नाहीं. १९१७ मध्यें शार्लट मुलीला घेऊन कलकत्त्यास गेली. पैशाची ओढाताण होतीच. मुलीला ला मार्टिनियर या नामांकित शाळेंत शिष्यवृत्ति मिळाली. पण तिच्या घराण्याविषयीं इतर मुलींनीं तिला इतकें टोचलें, कीं अखेर तिनें ती शाळा सोडली आणि पुढचें शिक्षण घरींच झालें. पुढें तिनें टेलिफोनवर जोडणी करून देण्याची नोकरी धरली. संध्याकाळीं कलकत्त्याच्या हौशी नाट्यमंडळींत कामें करावीं, चित्रपट पाहावे आणि चौरंगीवरच्या फिर्पो या प्रसिद्ध उपाहारगृहांत साहेबलोकांच्या नाचगाण्याला जावें, असा तिचा क्रम होता. रूप असामान्य होतें, आणि त्या रूपाच्या जोरावर या गल्लींतून बाहेर पडतां येईल, हें तिला लौकरच उमजलें.

याच सुमाराची एक हकीकत तिच्या चरित्रकारांनीं दिली आहे. फिर्पोमध्यें एका गोऱ्या गृहस्थाशीं तिची ओळख झाली. त्याचे चित्रपटव्यवसायांतल्या मंडळींशीं संबंध होते. ओळख वाढली. एके रात्रीं तो तिला पोंचविण्यास तिच्या बिऱ्हाडीं आला. दार शार्लटनें उघडलें. त्या सावळ्या स्त्रीला पाहतांच त्याला जें समजावयाचें तें समजलें, आणि मैत्री तेथेंच संपली. जातां जातां त्यानें एवढें मात्र सांगितलें, कीं फ्रान्सला येण्याची तयारी असेल तर तेथील दिग्दर्शक रेक्स इंग्रॅम यांच्याकडे शब्द टाकतां येईल. तो गृहस्थ निव्वळ पिच्छा सोडविण्याकरितां तसें म्हणाला असेल. पण क्वीनीनें तो शब्द धरला. १९२८-२९ च्या सुमारास मायलेकी बोटीनें युरोपला निघाल्या. नीस शहरीं इंग्रॅमच्या चित्रशाळेंत तिला गर्दीच्या प्रसंगांत उभें राहण्याचें किरकोळ काम मिळालें. कामापेक्षांही तिनें कलकत्त्याहून बरोबर नेलेला धडा मोठा होता : दार कोण उघडतें, यावर आपलें भवितव्य अवलंबून आहे.

लंडनमधलीं पहिलीं वर्षें हलाखीचीं गेलीं. रात्रीच्या नाचघरांत क्वीनी ओब्रायन या नांवानें नोकरी आणि दिवसा चित्रशाळांच्या दारांत हेलपाटे, असा तो काळ होता. ज्या चित्रपटांत तिनें कामें केलीं त्यांच्या नामावळींतही तिचें नांव नसे. याच वेळीं अलेक्झांडर कोर्डा याची दृष्टि तिच्यावर पडली. कोर्डा हा हंगेरीचा यहुदी. त्याचें मूळ आडनांव केल्नर. बुडापेस्ट, व्हिएन्ना, बर्लिन, हॉलिवुड आणि पॅरिस अशीं शहरें पालथीं घालून तो लंडनला आला होता, आणि इंग्रजी चित्रपटाला जगाच्या बाजारांत नेण्याची त्याची ईर्षा होती. त्यानें तिला करारानें बांधून घेतलें. क्वीनी नाहींशी झाली आणि मर्ल ओबेरॉन पडद्यावर आली. ओब्रायन या आडनांवाशीं नाद जुळणारें आणि शेक्सपियरच्या पऱ्यांच्या राजाची आठवण करून देणारें हें नांव मोठें मोहक होतें. १९३३ च्या ‘प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री दि एट्थ’ या बोलपटांत तिला ॲन बोलिन या राणीची भूमिका मिळाली. चित्रपटाच्या आरंभींच त्या राणीचा शिरच्छेद होतो. म्हणजे मर्ल पडद्यावर दिसली ती थोडा वेळच. पण तेवढ्यांत प्रेक्षकांनीं विचारलें, ही कोण? पुढच्याच वर्षीं ‘स्कार्लेट पिंपर्नेल’मध्यें ती लेस्ली हॉवर्डची नायिका होती.

‘ही कोण?’ या प्रश्नाला उत्तर देणें आतां भाग होतें. कोर्डाच्या प्रसिद्धिखात्यानें तें तयार केलें. मर्लचा जन्म टास्मानियाच्या होबार्ट शहरीं झाला; वडील प्रतिष्ठित गृहस्थ होते, ते शिकारीच्या प्रसंगानें अकालीं वारले; मग लहानपणींच मुलगी आप्तांकडे हिंदुस्थानांत आली; आणि जन्माचे कागदपत्र विचाराल, तर ते आगींत जळाले. या कथेंतली योजकता पाहण्यासारखी आहे. टास्मानिया इंग्रजी साम्राज्यांतलें, म्हणून प्रतिष्ठित. आणि लंडन व न्यूयॉर्क या दोन्ही शहरांपासून इतकें दूर, कीं तेथें जाऊन खातरजमा करण्याची उठाठेव कोण करतो! मुलीच्या बोलण्यांत किंवा आठवणींत कलकत्ता डोकावलाच, तर त्याचीही सोय आधींच केलेली होती.

येथें कोणी म्हणेल, कीं चित्रपटांच्या जगांत नांव आणि गांव बदलणें यांत नवल तें काय? तें खरें आहे. कोर्डानें स्वतःचें नांव बदललें होतें. पुढें मर्लच्या कराराचा वांटेकरी झालेला अमेरिकन निर्माता सॅम्युएल गोल्डविन हाही पोलंडमधून वेगळें नांव घेऊन आलेला होता. पण कोर्डा हंगेरियन आहे हें सर्वांना ठाऊक होतें, आणि गोल्डविन आपल्या गरिबीच्या गोष्टी अभिमानानें सांगूं शके. त्यांचें जुनें नांव बाहेर आलें असतें तर त्यांचें कांहीं बिघडलें नसतें. मर्लचें सर्वस्व गेलें असतें.

ही अतिशयोक्ति नव्हे. त्या वेळचा अमेरिकेचा कायदा पाहावा. १९१७ च्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागांतल्या लोकांना त्या देशांत वस्तीला येण्याची बंदी केली होती. १९२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें भगतसिंग ठिंड या पंजाबी गृहस्थाच्या खटल्यांत असा निकाल दिला, कीं हिंदी मनुष्य हा कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नाहीं, म्हणून त्याला नागरिकत्व मागतां येत नाहीं. हें दार १९४६ मध्यें किलकिलें झालें, तेंही वर्षाला १०० माणसांपुरतें. चित्रपटव्यवसायाचा स्वतःचा कायदा याहून निराळा नव्हता. १९३० मध्यें निर्मात्यांनीं स्वीकारलेली आणि १९३४ पासून कडकपणें अंमलांत आलेली नियमावलि गोऱ्या आणि काळ्या वंशांतले शरीरसंबंध पडद्यावर दाखविण्यास मनाई करी. आणि निर्मात्यांच्या मनांतली भीति त्या कलमाच्याही पलीकडे जाऊन पिवळ्या व सावळ्या सर्वच लोकांना लागू होई. लॉस एंजेलिस येथें जन्मलेली चिनी वंशाची गुणी नटी ॲना मे वाँग हिची गत या बाबतींत बोलकी आहे. ‘गुड अर्थ’ या चिनी शेतकऱ्याच्या कथेंतल्या नायिकेची भूमिका आपल्याला मिळावी अशी तिची फार इच्छा होती. पण नायकाचें काम एका गोऱ्या नटाला दिलें होतें. तेव्हां नायिकेचें काम चिनी स्त्रीला देणें अशक्य झालें. तें लुइझ रेनर या जर्मन नटीला मिळालें, आणि त्यासाठीं तिला ऑस्करही मिळालें. ॲना मे वाँगनें आपला वंश लपविला नाहीं. तिच्या वाट्याला दुय्यम कामें आलीं. मर्लनें लपविला, ती नायिका झाली.

आणि ती नायिका झाली ती मोठ्या इतमामानें. अमेरिकेंत प्रथम तिला परदेशी, गूढ सौंदर्याच्या सांच्यांत बसविण्याचा प्रयत्न झाला होता. गोल्डविननें तो सांचा मोडला. १९३५ च्या ‘डार्क एंजल’मध्यें तोंडावरचा भडक रंग आणि तिरकस भुंवया गेल्या आणि पडद्यावर आली ती एक साधी, प्रेमळ इंग्रज मुलगी. महायुद्धांत आंधळा झालेला प्रियकर आपलें आंधळेपण तिच्यापासून लपवूं पाहतो, अशी ती कथा. या भूमिकेबद्दल सर्वोत्कृष्ट नटीच्या ऑस्कर पारितोषिकासाठीं तिचें नांव पुढें आलें. १९३६ मध्यें पारितोषिक बेट्टी डेव्हिसला मिळालें. पण आशियाई रक्ताची स्त्री त्या मानाच्या यादींत प्रथमच आली होती, आणि त्या समारंभाला जमलेल्यांना याची गंधवार्ताही नव्हती.

याच कोर्डाचें दुसरें एक कर्तृत्व मर्लच्या शेजारीं ठेवून पाहावें. म्हैसूरच्या हत्तीखान्यांतला साबू नांवाचा माहुताचा मुलगा त्याच्या मंडळींनीं शोधून काढला आणि १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’मध्यें त्याला जगापुढें आणलें. साबूचें हिंदीपण हेंच त्याचें भांडवल. फेटा, उघडें अंग आणि हत्ती यांवांचून त्याला कोणी ओळखलें नसतें. एकाच मालकाच्या पेढींत एका मुलाचें हिंदीपण काचेच्या कपाटांत मांडलेलें होतें, आणि एका मुलीचें तिजोरींत कुलूप लावून ठेवलेलें होतें. दोघांनाही हवें तें होण्याची मोकळीक नव्हती.

१९३७ मध्येंच लंडनला मोटारीच्या अपघातांत मर्लला दुखापत झाली, आणि चार्ल्स लॉटनबरोबर चाललेला ‘आय, क्लॉडियस’ हा मोठा चित्रपट अर्धवटच राहिला. त्याच्या तुटक चित्रफितींवर १९६५ मध्यें बीबीसीनें एक माहितीपट केला, आणि त्यांत मर्लनेंही आपल्या आठवणी सांगितल्या. पण तिची कीर्ति खऱ्या अर्थानें स्थिर झाली ती १९३९ च्या ‘वुदरिंग हाइट्स’नें. एमिली ब्राँटीच्या कादंबरीवरचा हा चित्रपट विल्यम वायलरनें दिग्दर्शित केला. नायक हीथक्लिफ म्हणून लॉरेन्स ऑलिव्हिए होता. त्याला नायिका म्हणून आपली प्रेयसी व्हिव्हियन ली हवी होती, त्यामुळें मर्लशीं त्याचें फारसें जमलें नाहीं. तरी पडद्यावर दोघांचें प्रेम वादळासारखें उतरलें. ग्रेग टोलंडच्या छायालेखनाला ऑस्कर मिळालें. या चित्रपटांत नियतीनें केलेला एक विनोद मात्र त्या वेळच्या कोणाही टीकाकाराला दिसला नाहीं. मूळ कादंबरींतला हीथक्लिफ हा काळासावळा, कुळशील माहीत नसलेला पोरका मुलगा आहे. हा कोणी लस्कर, म्हणजे हिंदी खलाश्याचें पोर तर नसेल, अशी शंका तेथें एक पात्र बोलून दाखवितें. त्या सावळ्या परक्याचें काम गोऱ्या इंग्रजानें केलें. आणि त्याला घराण्यासाठीं नाकारणाऱ्या गोऱ्या कॅथीचें काम मुंबईंत जन्मलेल्या मुलीनें केलें. मान आणि प्रतिष्ठा यांसाठीं आपल्याच हृदयाचा एक भाग तोडून टाकणारी कॅथी मर्लनें इतकी खरी कां वठविली, याचें उत्तर अभिनयाच्या पुस्तकांत शोधण्याची गरज नाहीं.

सोंगाची पहिली किंमत शरीरानें दिली. पडद्यावर उजळ दिसण्यासाठीं चेहऱ्यावर जाड लेप आणि त्वचा गोरी करणारीं प्रसाधनें यांचा मारा होत असे. १९४० मध्यें प्रसाधनांतलीं विषारी द्रव्यें आणि सल्फा औषधें यांचा एकत्र परिणाम होऊन तिच्या चेहऱ्याची त्वचा बिघडली. न्यूयॉर्कच्या तज्ज्ञाकडून त्वचा घांसून काढण्याचे वेदनादायक उपचार झाले, तरी बारीक खळगे राहिलेच. जिच्या चेहऱ्यावर सारा डोलारा उभा, तिच्यावर हा प्रसंग! १९४४ च्या ‘लॉजर’ या चित्रपटाच्या वेळीं छायालेखक ल्युसियन बॅलर्ड यानें यावर तोड काढली. कॅमेऱ्याला अगदीं लागून त्यानें एक लहान दिवा बसविला. त्याचा उजेड समोरून सरळ चेहऱ्यावर पडे. बाजूनें पडणाऱ्या उजेडानें खळग्यांत सांवली सांठते ती यानें सांठत नसे, आणि चेहरा नितळ व अधिक उजळ दिसे. या दिव्याला तिच्याच नांवावरून ‘ओबी’ म्हणूं लागले आणि पुढें छायालेखनाच्या धंद्यांत तो रूढ झाला. लपविण्यासाठीं निघालेल्या दिव्याला आपलें नांव मिळावें, हाही योगायोग म्हणावयाचा.

दुसरी किंमत याहून जड होती, आणि ती शार्लटच्या खात्यावर पडली. शार्लट मुलीबरोबर लंडनला येऊन राहिली होती. घरीं पाहुणे आले कीं ही सावळी बाई मर्लची मोलकरीण समजली जात असे, अशी कथा चित्रपटवर्तुळांत वर्षानुवर्षें सांगितली जात होती. ती अक्षरशः खरी असो वा नसो, चारचौघांत तिला ‘ही माझी आई’ म्हणून पुढें करणें मर्लला शक्य नव्हतें, एवढें निश्चित. १९३७ मध्यें शार्लट लंडनलाच वारली. त्यानंतर बारा वर्षांनीं, १९४९ मध्यें, मर्लनें एका जुन्या छायाचित्रावरून तिची तसबीर रंगवून घेतली. चित्रांतल्या स्त्रीचा वर्ण मूळच्यापेक्षां उजळ केलेला होता. पुढें मर्ल ज्या ज्या घरांत राहिली त्या त्या घरांत ही तसबीर भिंतीवर असे, ती तिच्या मृत्यूपर्यंत. ज्या आईला जिवंतपणीं दिवाणखान्यांत बसवितां आलें नाहीं, तिला तिनें मरणानंतर तेथें आणून बसविलें. पण तेंही रंग बदलून. मर्लला निष्ठुर ठरविणाऱ्यानें आणि तिची निव्वळ कींव करणाऱ्यानेंही या तसबिरीपुढें क्षणभर थांबावें.

तिच्या संसाराची हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. १९३९ मध्यें तिनें कोर्डाशीं लग्न केलें. १९४२ मध्यें त्याला ‘सर’ हा किताब मिळाला, आणि कलकत्त्याच्या शाळेंत टोमणे खाल्लेली क्वीनी ‘लेडी कोर्डा’ झाली. १९४५ मध्यें हें लग्न मोडलें, आणि त्याच वर्षीं तिनें तो ओबी दिवा शोधणाऱ्या बॅलर्डशीं लग्न केलें. तेंही चार वर्षें टिकलें. मध्यंतरीं १९४५ मध्यें ‘साँग टु रिमेंबर’ या चित्रपटांत तिनें फ्रेंच लेखिका जॉर्ज सांड हिची भूमिका केली. पुरुषाचें नांव धारण करून साहित्यांत वावरणारी ही बाई तिला शोभलीही. १९५४ च्या ‘देझिरे’मध्यें ती नेपोलियनची जोसेफीन होती. पण तोपर्यंत पहिला बहर ओसरला होता. १९५७ मध्यें मेक्सिकोंतला धनाढ्य उद्योगपति ब्रूनो पाल्याई याच्याशीं तिनें लग्न केलें, दोन मुलें दत्तक घेतलीं आणि ऐश्वर्यांत दिवस काढले. १९७३ मध्यें तिनें स्वतः काढलेला ‘इंटर्व्हल’ हा तिचा शेवटचा चित्रपट. त्यांतला तरुण डच नट रॉबर्ट वोल्डर्स हा १९७५ मध्यें तिचा चौथा पति झाला, आणि अखेरपर्यंत तिच्याजवळ राहिला.

रचलेल्या कथेची खरी कसोटी लागली ती १९७८ मध्यें. होबार्टच्या नगरपालिकेनें आपल्या ‘कन्ये’चा सत्कार करण्याचें ठरविलें. ज्या गांवीं आपण जन्मलोंच नाहीं त्या गांवचें माहेरपण स्वीकारण्यासाठीं सदुसष्ट वर्षांची ही स्त्री तेथें गेली. नगरभवनांत लोक जमले होते. पण तिला तो प्रसंग झेपला नाहीं. प्रकृति बरी नसल्याचें सांगून ती समारंभांतून लौकरच निघून गेली. पुढच्या वर्षीं, २३ नोव्हेंबर १९७९ रोजीं, पक्षाघातानें कॅलिफोर्नियांत मालिबू येथें तिचा अंत झाला. मृत्यूच्या बातम्यांतही जन्मस्थळ टास्मानिया असेंच छापलें गेलें.

चार वर्षांनीं, १९८३ मध्यें, चार्ल्स हायम आणि रॉय मोझ्ली यांनीं लिहिलेल्या चरित्रानें तिचा जन्म मुंबईचा असल्याचें जाहीर केलें. तरीसुद्धां टास्मानियांतल्या लोकांनीं आपला हक्क सोडला नाहीं. ती तेथीलच एका चिनी वंशाच्या मोलकरणीची मुलगी होती, अशा कथा तेथें घरोघर सांगितल्या जात होत्या. २००२ मध्यें ऑस्ट्रेलियन दिग्दर्शिका मॅरी डेलोफ्स्की हिनें या प्रकाराचा छडा लावण्यासाठीं एक माहितीपट केला, आणि त्यांत शेवटचें कुलूप उघडलें. कॉन्स्टन्सनें पुढें लग्न केलें होतें. तिला चार मुलें झालीं होतीं. त्यांतल्या एका मुलानें मुंबईच्या सरकारी दफ्तरांतून मर्लच्या जन्माचा दाखला काढला. तो मर्लला आपली मावशी समजत आला होता. दाखल्यावर आईच्या जागीं स्वतःच्या आईचें नांव वाचून त्याला कळलें, कीं मावशी म्हणून जिच्या गोष्टी ऐकल्या ती एकाच आईच्या पोटची आपली बहीण आहे. तो तिला भेटावयास लॉस एंजेलिसला गेला होता. तिनें भेट नाकारली. तरीही त्यानें ही गोष्ट तिच्या चरित्रकारांना सांगितली नाहीं. बहिणीनें ज्या गुपितासाठीं आपल्याला दारांतून परत पाठविलें, तें गुपित त्यानें तिच्या पश्चात् अनेक वर्षें सांभाळलें. या सबंध कथेंत इतकें मोठें मन दुसऱ्या कोणी दाखविलेलें नाहीं.

मार्च २०२३ मध्यें मलेशियांत जन्मलेल्या मिशेल यो या नटीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचें ऑस्कर मिळालें, तेव्हां वृत्तपत्रांपुढें एक अडचण उभी राहिली. या पारितोषिकासाठीं नांव आलेली पहिली आशियाई स्त्री असें तिला म्हणावें, तर सत्त्याऐंशी वर्षांपूर्वींची मर्ल आड येते. मग ‘स्वतःला आशियाई म्हणविणारी पहिली’ अशी शब्दयोजना कांहींनीं केली. ‘म्हणविणारी’ या एका शब्दांत दोन युगांमधला फरक सांठलेला आहे. मिशेल यो हिला आपल्या आईचें नांव मोठ्यानें उच्चारतां आलें. मर्लला तें आलें नाहीं. २०२५ मध्यें मयूख सेन यांनीं मर्लचें नवें चरित्र लिहिलें, त्यांत तिच्याकडे पाहण्याची दृष्टि अधिक समंजस आहे.

मर्ल खोटें बोलली, हें खरेंच. पण खोट्याचा दोष वांटून देतांना तो सर्वस्वीं बोलणाऱ्याच्या पदरांत टाकणें न्यायाचें होत नाहीं. ज्या जगांत शिरण्याचा परवाना खऱ्या नांवावर मिळत नव्हता, त्या जगानें तिला खोटें नांव घेण्यास भाग पाडलें, आणि मग त्या खोट्या नांवावर टाळ्या वाजविल्या. तिनें आपल्या रूपानें आणि मेहनतीनें जें मिळविलें तें पडद्यावर राहिलें आहे. ‘वुदरिंग हाइट्स’मधली तिची कॅथी पाहतांना कोणालाही तिच्या जन्मगांवाची चौकशी करावीशी वाटत नाहीं. जें तिनें गमावलें तें मात्र मुंबईच्या दफ्तरांतल्या एका कागदावर होतें. तो आगींत जळाला, असें ती जन्मभर सांगत राहिली. तो जळाला नव्हता. एवढी सारी वर्षें तो आपल्या जागीं शाबूत होता.